सेकंडहँड पिकअपचा नवा डाला: वरुडजवळच्या एका गॅरेजचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात मी २०१५ सालची बोलेरो पिकअप यवतमाळ जिल्ह्यातून विकत घेतली, तेव्हा तिचा रंग नुकताच दिलेला होता आणि टायर पॉलिश लावून काळेशार केलेले होते. इंजिनाबद्दल माझी तेव्हा तक्रार नव्हती आणि आजही नाही. खोट निघाली ती मागच्या डाल्यात, म्हणजे माल भरायच्या भागात. पावसाळ्यात तीन महिने काळ्या मातीच्या पांदणीतून (शेतरस्त्यातून) गाडी चालवल्यावर डाल्याचा पत्रा जागोजागी फुगला आणि मागचा फाळका (डाल्याची उघडणारी बाजू) एका बिजागरीवर लोंबू लागला. आंबिया बहराची (हिवाळ्याच्या तोंडावर निघणारी) संत्री तोडणीला येण्याआधी काम व्हावे, म्हणून सप्टेंबरमध्ये मी गाडी वरुडबाहेरच्या एका गॅरेजमध्ये दिली. टिनाचे शेड, एक मिस्त्री आणि दोन पोरे, एवढाच त्याचा पसारा आहे.

मिस्त्रीने दर सांगण्याआधी गाडीखाली शिरून चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) तपासली, हे मला पहिल्यांदा आवडले. छोट्या हातोडीने तो एकेक आडवा चॅनेल ठोकत गेला. खणखणीत आवाज येत असताना मधल्या चॅनेलवर आवाज एकदम बद्द झाला. तिथे त्याने पेचकस टेकवला, तेव्हा नव्या रंगाखालून वाळलेली काळी माती आणि तांबूस भुगा त्याच्या छातीवर पडला. दारांवर त्याने लोहचुंबक फिरवले. डाव्या दाराच्या खालच्या भागाला ते चिकटलेच नाही, कारण तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली होती. ही दहा मिनिटांची तपासणी मी खरेदीपूर्वीच करून घेतली असती, तर भाव करताना माझी बाजू निश्चितच भक्कम राहिली असती.

माझी मागणी दोन गोष्टींची होती: मागच्या दोन्ही चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत प्रत्येकी एक पाटा वाढवावा आणि फाळके वीतभर उंच करावेत. दोन्हींना त्याने नकार दिला. "भाऊ, पाटा वाढवला तं गाडी उसळन, अन् संत्र्याले मार बसन," हे त्याचे म्हणणे मला आधी काम टाळण्यासारखे वाटले, पण त्यात तथ्य होते. गाडीचे पासिंग, म्हणजे माल वाहण्याची मंजूर मर्यादा, सव्वा टनाचे आहे आणि पाटा वाढवल्याने ते वाढत नाही. फक्त कमान ताठ होते आणि अर्ध्या भारावर खड्ड्यातला हादरा थेट मालाला बसतो. शिवाय एकूण वजनाची मर्यादा ठरलेली असल्यामुळे डाल्यात वाढवलेला प्रत्येक किलो लोखंड मालातून वजा होतो. संत्र्यांचे बावीस किलोचे पंचावन्न कॅरेट (प्लास्टिकचे क्रेट) भरले की बाराशे दहा किलो होतात. त्यावर जड डाला परवडत नाही. नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा फेरबदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी करून घ्यावी लागत असल्याने हा प्रश्न वर्षातून एकदा समोर येणारच होता.

त्यामुळे डाला मूळ मापाचाच झाला, पण काम पाहण्यासारखे आहे. तळाला चेकर प्लेट टाकली असून तिच्या चारही कोपऱ्यांत पाणी निघण्यासाठी छिद्रे ठेवली आहेत. फाळक्यांच्या वरच्या भागात सलग पत्र्याऐवजी पट्ट्यांची जाळी असल्याने कॅरेटमध्ये हवा खेळते. डाला चेसिसला वेल्ड न करता, मध्ये रबराची पट्टी देऊन यू-बोल्टने आवळला आहे, जेणेकरून चेसिसला लवायला वाव राहावा आणि सांध्यांवर तडे जाऊ नयेत. बद्द वाजणारा चॅनेल कापून नवा बसवला. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढल्या जातात की नाही, हे मी मुद्दाम उभे राहून पाहिले. त्या काढल्या होत्या. गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचे दोन हात आतल्या बाजूनेही दिले, जिथे गिऱ्हाइकाची नजर सहसा जात नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र हे गॅरेज भरवशाचे नाही. बारा दिवसांचा वायदा तेवीस दिवसांवर गेला, आणि तोपर्यंत तोडणी सुरू झाल्याने नागपूरच्या कळमना बाजाराच्या दोन खेपा मला भाड्याच्या गाडीने कराव्या लागल्या. बासष्ट हजारांचा अंदाज साडेएकाहत्तर हजारांवर गेला. त्यातील चॅनेलचा खर्च मला मान्य आहे, पण वाढीव रकमेचा निरोप बिलाबरोबर नव्हे, आधी यायला हवा होता. वायरिंगचे काम त्याने बाहेरच्या माणसाकडून करून घेतले आणि तिथेच घाण झाली. टेललाइटची वायर पत्र्याच्या उघड्या छिद्रातून तशीच ओढलेली होती. कडेला घासून ती सोलली गेली आणि तिसऱ्याच खेपेला, रात्री, फ्यूज उडून मागचे दिवे बंद पडले. दुसऱ्या वायरमनने छिद्राला रबरी बुच आणि वायरीला नळी घातल्यानंतर तो त्रास थांबला.

दारांच्या खालच्या पत्र्याचे काम अजून बाकी आहे. ते मी याच मिस्त्रीला देणार आहे, पण मृग बहराची तोडणी आटोपल्यावर, चिठ्ठीवर रक्कम लिहून घेऊन आणि वायरिंगला हात न लावण्याच्या अटीवर.