मॉडेल उत्तम, पण खोक्यावरचा इतिहास दुरुस्त करा

दुसऱ्या महायुद्धातला हा जर्मन टायगर रणगाडा, १:३५ मापाचा, जोडायला मला तीन आठवडे लागले. भाग नेमके बसतात, ट्रॅकच्या कड्या सुट्या दिल्यात, झिमेरिटच्या (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून रणगाड्यावर देत तो लेप) रेघाही सुरेख उठल्यात. तक्रार आहे ती खोक्यावरच्या मजकुराबद्दल.

१३ जून १९४४ ला फ्रान्समधल्या व्हिलेर-बोकाज गावात मिखाएल विटमन या जर्मन टायगर-कमांडरनं एकट्यानं ब्रिटिशांची आगेकूच संपवली, असं त्यावर छापलंय. हा नाझी प्रचारयंत्रणेचा दावा आहे. त्या दिवशी त्याच्या बटालियनचे इतर टायगरही लढत होते. त्यांनी टिपलेले रणगाडेसुद्धा त्याच्या खात्यावर चढवले गेले. रस्त्यात थांबलेल्या ब्रिटिश रांगेवर त्यानं धाडसानं हल्ला केला, हे खरंच. पण गावात त्याचाच टायगर निकामी झाला आणि तो सोडून त्याला पायी निघावं लागलं, हे का गाळलं? तो एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचा, अधिकारी होता, याचाही उल्लेख नाही. मला हे फार खटकलं.

शिवाय डेकल (मॉडेलवर चिकटवायची चित्रं) ००७ क्रमांकाचे आहेत. तो रणगाडा ८ ऑगस्टचा, ज्यात विटमन मारला गेला. व्हिलेर-बोकाजसाठी २२२ हवा. मी तो हातानं रंगवून घेतला.