म्हापशाच्या बाजारातलं पुस्तकांचं दुकान: चार तारे

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिर्ची आणायला गेले आणि जुन्या पुस्तकांच्या टपरीवर अडकले. ‘मावशी, हे अमेरिकेचं, शंभर द्या,’ दुकानदार म्हणाला. साठला घेतलं. मिलवॉकी शहराच्या महापौरांचा इतिहास! पालिकेत मलनिस्सारण विभागात कारकुनी केलेल्या बाईला दुसरं काय भुरळ घालणार?

पहिला महापौर सॉलोमन जुनो, 1846 सालचा, मूळचा कातड्यांचा व्यापारी. पण खरी मजा 1910 पासून. एमिल सायडेल, पेशाने लाकडी साचे बनवणारा कारागीर, समाजवादी पक्षाकडून निवडून आला. मग डॅनियल होअन, 1916 ते 1940, सलग चोवीस वर्षं! आपल्या पणजीत महापौराची मुदत जेमतेम वर्षाची. मिलवॉकीच्या या समाजवाद्यांचा गटारं, स्वच्छ पाणी, बागा यांवरच जोर, म्हणून त्यांच्याच विचाराच्या लोकांनी त्यांना हिणवून ‘गटार समाजवादी’ म्हटलं. मला तर ती पदवीच वाटली. फ्रँक झायडलर 1948 ते 1960, तो तिसरा आणि शेवटचा समाजवादी.

त्याच्या मागोमाग आलेला हेन्री मायर अठ्ठावीस वर्षं बसला, पण नेमकी त्याच्या प्रकरणातली आठ पानं गायब. म्हणून एक तारा कापला. पुढच्या शुक्रवारी तक्रार केली, तर दुकानदार हसला आणि एक जुना दिवाळी अंक फुकट दिला. वाळवी लागलेला होता, पण शब्दकोडं कोरं होतं. पुस्तक घेताना पानं मोजून घ्या, आणि अकराच्या आत जा, नंतर ऊन थेट टपरीवर येतं.