गाणं आधी मांडवात की थेट स्टुडिओत?

माझ्या भाचीने यंदा चार नव्या चाली बांधल्या. गणपतीत सांगलीच्या गावभागात एका मंडळापुढे त्या पहिल्यांदा गाऊन झाल्या, आणि तेव्हापासून घरात एकच विषय आहे. लगेच स्टुडिओ बुक करायचा, की आणखी दहा-पंधरा कार्यक्रम करून त्यातलाच एक नीट रेकॉर्ड करून घ्यायचा? दोन्हींना पुरतील एवढे पैसे नाहीत. मी गेली पंचवीस वर्षं पेटीची साथ करतो, दोन्हीकडे बसलो आहे. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण असा पेच तिच्या एकटीचा नाही.

आधी वेळेचं बघू. मांडवात गाणं किती लांबवायचं हे समोरचे लोक ठरवतात, रेकॉर्डिंगमध्ये ते आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे याचे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही. बालगंधर्व आमच्या सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. १९१६ साली ‘स्वयंवर’ हे संगीत नाटक रंगमंचावर आलं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणीची भूमिका बालगंधर्वांची. वन्समोअर पडत राहायचे आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. वन्समोअरला तेच पद परत यायचं, पण तसंच यायचं नाही. त्याच काळातल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोन तबकडीची एक बाजू मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तिथे अस्ताई (गाण्याचा मुखडा), अंतरा (पुढचं कडवं) आणि निवडक सुरेल जागा घेतल्या की संपलं. शिवाय १९२५ च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत मायक्रोफोनच नव्हता. गायकाला आवाज टिपणाऱ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून गावं लागे आणि साथीदारांना आवाज बेताचा राहील अशा अंतरावर बसवत. म्हणजे नुसती लांबीच नाही, आवाज लावायची पद्धतही बदलायची.

पण म्हणून तबकडी म्हणजे मैफिलीचा उरलासुरला तुकडा, असं मला अजिबात वाटत नाही. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐका. तीन मिनिटांत एक स्वर जास्तीचा नाही. हीच तबकडी ऐकून भीमसेन जोशी लहानपणी गाणं शिकायला घर सोडून निघाले. स्टुडिओत जीव नसतो असं कुणी म्हणालं की मी हेच उदाहरण पुढे करतो. फक्त हे विसरायचं नाही, की त्या तीन मिनिटांच्या मागे शेकडो मैफिली होत्या. काय गाळायचं हे खाँसाहेबांना ठाऊक होतं, कारण सगळं गाऊन झालेलं होतं.

आता भाचीच्या गाण्याकडे येतो. चारातलं एक २०१९ च्या पुरावर आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गाण्यात एक ओळ आहे, ‘भिंतीवर रेघ पाण्याची’. चाल दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात. घरी बसवताना ती ओळ सरळ होती, ‘भिंतीवर’ म्हटलं की लगेच ‘रेघ’. गावभागातल्या मांडवात पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांच्या घरांच्या भिंतींवर ती रेघ खरोखर होती. ‘भिंतीवर’ म्हटल्यावर तिने समोर पाहिलं आणि थांबली. तबलजीने ठेका धरून ठेवला, मी षड्ज (सा) दाबून बसलो. एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, गेलं, दुसरं निम्म्यावर आलं, मग ‘रेघ’ आली, आणि तीही पूर्वीपेक्षा जरा सावकाश. पुढचा सगळा अंतरा त्याच उतरलेल्या लयीत गेला. चौथ्या कार्यक्रमापर्यंत तो थांबा चालीचाच भाग झाला.

मध्यंतरी आम्ही एका स्टुडिओत हेच गाणं चाचणीसाठी गाऊन पाहिलं. कानाला हेडफोन, त्यात लय धरून ठेवणारी टिक-टिक चालू. थांबा घ्यायला हरकत नव्हती, पण थांब्यानंतर लय उतरवायची सोय नव्हती, कारण टिक-टिक काही उतरत नाही. पहिल्या टेकला ती दोन मात्रा आधी उचलून बसली, दुसऱ्याला उशिरा. तिसरा टेक मापात बिनचूक होता. तो घरी ऐकताना तिची आई म्हणाली, “छान आहे गं, पण हे तू त्या दिवशी म्हटलंस ते नाही.”

पट्टीचंही, म्हणजे ‘सा’ किती उंच धरायचा याचंही, तसंच. मांडवात अंगात जोर असतो, स्पीकर कानाशी असतो, त्यामुळे ती काळी पाचला (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) सहज गाते. स्टुडिओच्या शांत खोलीत तोच तार षड्ज (वरचा सा) किंचाळल्यासारखा लागला. काळी तीनला आणल्यावर शब्द मऊ झाले. तेव्हा मांडवातली पट्टी डोळे झाकून स्टुडिओत नेऊ नका.

स्टुडिओची बाजू जिथे निर्विवाद भारी आहे ती म्हणजे तंबोरा आणि शब्द. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण जनरेटरच्या घरघरीत त्याची जवारी, तारांचा तो गुंजणारा नाद, कुणाला ऐकू येतो? ओवीच्या वळणाचं तिचं चौथं गाणं मांडवात तीनदा पडलं, तिन्ही वेळा माणसं मधेच बोलायला लागली. त्या गाण्यात श्वासाचा आवाजसुद्धा ऐकू यायला हवा. ते थेट स्टुडिओत न्यावं, आणखी कार्यक्रमांची वाट बघण्यात काहीच फायदा नाही.

पुराच्या गाण्याचं मात्र मी उलट सांगेन. ते अजून पिकतंय. आत्ता रेकॉर्ड केलं तर लोक तेच कायमचं धरून बसतील, आणि पुढच्या कार्यक्रमात तिने काही बदललं तर “रेकॉर्डिंगसारखं म्हणा” अशी फर्माईश येईल. उरलेल्या दोन गाण्यांना घाई नाही.

कार्यक्रमातच रेकॉर्ड करायचं ठरलं तर मांडव टाळा, छोटं बंद सभागृह घ्या. गळा, पेटी, तबला यांचे माईक वेगळे आणि ट्रॅकही वेगळे घ्यायला सांगा, म्हणजे तबला वर गेला तर नंतर आवरता येतो. माईक एकमेकांचे आवाज थोडे उचलतातच, तेवढं चालवून घ्या. आणि स्टुडिओतच जायचं असेल तर टिक-टिक बंद ठेवून सगळे एका खोलीत बसा, सलग तीन वेळा गा आणि त्यातला एक अख्खा निवडा. ओळीओळीचे तुकडे जोडलेलं गाणं सुरेल होतं, पण त्यात कुणी कुणाची वाट बघत नाही.

आमचं ठरलंय ते असं: ओवी पुढच्या महिन्यात स्टुडिओत, एकच दिवस, तंबोरा आणि गळा. उरलेले पैसे बाजूला ठेवलेत. दिवाळीनंतर हरिपूरला कार्यक्रम आहे. पुराचं गाणं तिथे पाचव्यांदा होईल. मोबाईल पेटीच्या कडेला ठेवून मी ते टिपणार आहे, ‘भिंतीवर’ नंतर ती या वेळी किती आवर्तनं थांबते ते घरी बसून मोजायला.