रिपोर्ट खरा, बेणे भलतेच : 'व्हायरस फ्री' बटाट्याची फसवणूक

आंबेगाव तालुक्यात खरिपाचा बटाटा घेणाऱ्या एका शेतकऱ्याची ही हकीकत. विकणाऱ्याचे नाव मुद्दाम देत नाही. फसवण्याची पद्धत कळली पाहिजे, कारण खेडपासून खटाव-कोरेगावपर्यंत जिथे पंजाबचे बेणे (लावणीसाठीचे बटाटे) उतरते तिथे ती कोणीही वापरू शकतो.

एका एकरासाठी 50 किलोचे 20 कट्टे घेतले. तोंडी सांगितले होते : कुफरी ज्योती वाण, टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या रोपांपासूनचे), जी-3 (त्या रोपांपासून वाढवलेली एक पुढची पिढी), व्हायरस फ्री. भाव बाजारापेक्षा थोडा चढाच होता; स्वस्त असता तर संशय तरी आला असता. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर प्रयोगशाळेचा रिपोर्ट. त्यात वाय विषाणू, एक्स विषाणू, पानगुंडाळी (पाने गुंडाळणारा विषाणूरोग) वगैरे सगळ्यांपुढे 'निगेटिव्ह'.

गंमत म्हणजे रिपोर्ट खरा होता. फक्त तो या कट्ट्यांचा नव्हता. नमुन्याच्या रकान्यात 'बाटलीतील रोपे' असे लिहिले होते आणि तारीख जुनी होती. ही साखळी कशी चालते ते पाहा. झाडाच्या शेंड्याचा 0.1 ते 0.3 मिलिमीटरचा मेरिस्टेम (वाढणारे कोवळे टोक) काढून बाटलीत वाढवतात, कारण तिथवर विषाणू सहसा पोचलेला नसतो. त्या रोपाची एलायझा किंवा आरटी-पीसीआर ही विषाणू ओळखणारी चाचणी करतात आणि निरोगी निघाले तरच त्याची संख्या वाढवतात. ही रोपे जाळीघरात लावून मिळणारे छोटे बटाटे म्हणजे जी-0; त्यापुढच्या पिढ्या जी-1, जी-2, जी-3. ते नगावर विकतात, पोत्यावर नाही. पुढच्या पिढ्या उघड्या शेतात जातात आणि खरा धोका तिथे असतो. म्हणून बाटलीतल्या रोपाचा रिपोर्ट दाखवून जी-3 विकणे म्हणजे आजोबांचा दाखला नातवाच्या नावाने खपवणे. आणि 'टिश्यू कल्चर' म्हणजे आपोआप विषाणूमुक्त, हाही गैरसमज आहे. रोगट मातृझाड न तपासता बाटलीत घातले, तर लाखभर रोगट रोपे तयार होतात.

उघड्या शेतात बेणे टिकवायचे तर शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेची सीड प्लॉट पद्धत लागते. उत्तरेच्या मैदानात मावा (विषाणू पसरवणारी, रस शोषणारी कीड) कमी असलेल्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पीक घ्यायचे, रोगट झाडे कंदासकट उपटायची आणि 100 संयुक्त पानांवर मावा 20 च्या आसपास पोचण्याआधी पाला कापायचा. पाला कापायला उशीर केला तर बटाटा मोठा होतो, वजन वाढते, आणि विषाणू कंदात उतरतो. विक्रेत्याला पाला कधी कापला ते विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर समजून जा.

कट्ट्याला हिरवे लेबल होते आणि ते 'सर्टिफाइड' म्हणून दाखवले गेले. प्रमाणित बेण्याचा टॅग निळा असतो, पायाभूतचा पांढरा. दोन्ही प्रमाणीकरण यंत्रणा देते. हिरवे लेबल म्हणजे उत्पादकाचे स्वतःचे म्हणणे. ते बेकायदा नाही, पण त्याची तपासणी तिसऱ्या कोणी केलेली नसते. पावतीवर तर नुसते 'बटाटा' असे होते. म्हणजे कागदोपत्री भाजी विकत घेतली! पावतीवर 'बेणे' हा शब्द, वाण, लॉट नंबर आणि विक्रेत्याचा परवाना क्रमांक हवाच, आणि लॉट नंबर टॅगवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे.

लावण झाल्यावर आधी तुटाळ (न उगवलेल्या मोकळ्या जागा) दिसली. उकरून पाहिले तर काही कंद घट्ट, पण कोंब नाही. खाण्याच्या किंवा चिप्सच्या बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून गोदामात सीआयपीसी या कोंब रोखणाऱ्या रसायनाची धुरी देतात. असा माल बेण्यात मिसळला की तो उगवत नाही. काही कंद कापले तर गर पिवळा, म्हणजे ज्योतीत पुखराज हे दुसरे वाण मिसळलेले. या दोन्ही गोष्टी लावणीआधी कळू शकतात. वेगवेगळ्या कट्ट्यांतले कंद काढून काही कापून गराचा रंग पाहा, आणि बाकीचे सावलीत, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात आठ-दहा दिवस पसरा. आखूड, जाड, हिरवट कोंब चांगले. सुतासारखे बारीक कोंब आले तर तो लॉट नको.

कंदातला विषाणू मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि दहा कंदांची चाचणी फारशी उपयोगाची नाही. लॉटमध्ये 5 टक्के कंद रोगट असले तरी दहाही निरोगी निघण्याची शक्यता साधारण 60 टक्के असते. एवढी लागण 95 टक्के खात्रीने पकडायला सुमारे 60 कंद तपासावे लागतात. 1 टक्का पकडायचा तर 300.

महिनाभरात खालची पाने वर गुंडाळून कडक झाली. तक्रार केल्यावर विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते : 'तुम्ही मावा आवरला नाही.' इथे लक्षणांची जागा बोलते. पानगुंडाळी बेण्यातून आली तर ती उगवणीनंतर लवकरच, खालच्या पानांपासून, खुजट झाडांवर आणि शेतभर विखुरलेली दिसते. शेतात माव्याने पसरली तर उशिरा, शेंड्याच्या पानांवर आणि बहुधा बांधाकडून किंवा ठिगळांनी. म्हणून पंचनामा याच टप्प्यावर, काढणीआधी व्हायला हवा. लेखी अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या आणि अहवालात झाडांची टक्केवारी व जागा नोंदवायला लावा. टॅग, शिवलेले तोंड आणि दोनेक किलो न लावलेले कंद कागदी पिशवीत राखा. प्लास्टिकमध्ये ते सडतात. शेतकरी बियाण्याच्या बाबतीत ग्राहक ठरतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

हाती आलेला बटाटा खायला विकता येतो, या विषाणूंचा माणसाला त्रास नाही. मात्र त्यातला बारीक माल पुढच्या बेण्यासाठी निवडून ठेवू नका. रोगट झाडांना बारीकच कंद लागतात, त्यामुळे त्या ढिगात रोगाचे प्रमाण शेतापेक्षाही जास्त असते.