टपावरचा तंबू: नाशिककराने घ्यावा का?

गाडीच्या टपावर बसवायचा, दोघांचा, कापडी, घडीचा तंबू. बंद असताना साधारण १४५ बाय १२५ सेंटीमीटर आणि जेमतेम फूटभर उंच; उघडला की झोपायला १४० बाय २४० सेंटीमीटर जागा. वजन ५० ते ६० किलो. वरून पीव्हीसीचं कव्हर, आत ५-६ सेंटीमीटरची फोमची गादी, सोबत ॲल्युमिनियमची सरकशिडी. बाजारात सगळ्यात जास्त मिळतो तो हाच प्रकार आणि हे परीक्षण त्याचंच आहे. वस्तू म्हणून तंबू चांगला आहे. पण इथे तो घेणारे फसतात ते टपाच्या हिशेबात आणि ओल्या घडीत.

आधी टप. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाचा जो आकडा असतो तो गाडी चालत असतानाचा. समजा तो ७५ किलो आहे. तंबू ५६, तो ज्यांवर बसतो त्या टपावरच्या दोन आडव्या पट्ट्या (क्रॉसबार) ६, म्हणजे ६२. उरले १३. विक्रेत्याने सांगितलेलं वजन शिडी आणि गादी धरून आहे का, हे विचारायलाच हवं, कारण तिथेच हे १३ किलो संपू शकतात. पट्ट्यांची स्वतःचीही मर्यादा असते. टप ७५ चा आणि पट्ट्या ६० च्या असतील, तर तुमचा आकडा ६०. रात्री दोन माणसं चढली की भार २०० किलोच्या पुढे जातो, पण तेव्हा गाडी उभी असते, खड्डा नाही, वळण नाही, ब्रेक नाही. उभा भार टप बराच जास्त सोसतो. टपाची कसोटी लागते ती घाटात.

छोट्या एसयूव्हींच्या टपावरच्या रुळांबद्दल सावध राहा. त्यातले बरेचसे नुसते शोभेचे असतात, चिकटवलेले किंवा क्लिपवर बसवलेले. मॅन्युअलमध्ये त्यांना वजनाची मर्यादाच दिलेली नसेल तर तिथे तंबू बसवायचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. कापडी टपाच्या थारला तर हा तंबू थेट बसतच नाही. आधी गाडीच्या सांगाड्याला धरणारा रॅक हवा.

बसवायला चार माणसं लागतात. तंबूच्या तळाशी दोन ॲल्युमिनियमचे चॅनेल असतात. त्यांत एम ८ बोल्टची डोकी सरकवायची, पट्टीखालून क्लॅम्पची पत्री लावायची आणि १३ च्या पान्याने आवळायचं. हातानेच. स्टेनलेस नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) बॅटरीच्या ड्रिलने झरझर चढवले की आटे तापून एकमेकांत रुततात. मग नट पुढेही जात नाही, मागेही येत नाही, बोल्ट कापावा लागतो. आट्यांना थोडं अँटी-सीझ ग्रीस लावलं की हे टळतं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, आणि त्र्यंबक-जव्हारसारखा रस्ता झाला की परत एकदा. समृद्धीवर १२० ची मुभा असली तरी टपावर हे ओझं असताना ८०-९० च्या वर जाऊ नये. उघड्यावर आडवा वारा गाडी ढकलतो.

उघडणं सोपं. कव्हरची चेन, दोन पट्टे, शिडी लांब करून तिलाच धरून खाली ओढायचं. पाच-सात मिनिटांचं काम. मात्र तळाचा अर्धा भाग गाडीबाहेर लटकतो आणि त्याचा भार शिडी पेलते, हे बरेच जण विसरतात. शिडी साधारण ७५ अंशांत हवी. जास्त लांब केली तर तळ वर उचलला जाऊन बिजागरीवर ताण येतो, आखूड ठेवली तर तळ खाली झुकतो. प्रत्येक पायरीची खिट्टी बसल्याचा आवाज ऐकूनच चढायचं. दिंडोरी-निफाडच्या काळ्या मातीत शिडीचे पाय रात्रीतून रुततात, सकाळी तंबू एका अंगाला कललेला सापडतो. पायांखाली फळीचा एक तुकडा पुरतो.

नवा तंबू थेट रानात नेऊ नका. पॉलिकॉटनचं (पॉलिस्टर आणि सुताचं मिश्र) कापड आणि शिवण आधी भिजवून घ्यावी लागते: उघडून पाइपने चिंब करायचा, पूर्ण वाळवायचा, असं दोन-तीनदा. सुताचा दोरा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. हे न करता पहिल्याच वळिवात ‘गळतो’ म्हणून ओरडणाऱ्यांचा तंबू बहुतेक वेळा धडधाकट असतो.

इथला खरा त्रास आतून धरणाऱ्या दहिवराचा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, थंडी म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या जातात आणि दोघांच्या श्वासाची वाफ कापडावर आणि गादीखाली पाणी होऊन साचते. समोरासमोरच्या दोन खिडक्या वरून चार बोटं उघड्या ठेवा, गादीखाली जाळीची चटई टाका. ऊब हवी म्हणून शेगडी किंवा गॅस आत नेणं म्हणजे जिवाशी खेळ. भंडारदऱ्याच्या काठावर वारा सुटला की वरचं छत रात्रभर फडफडतं. तंबूचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून ठेवलं आणि छत ताणून धरणाऱ्या कांब्या नीट बसवल्या तर झोप लागते. विजा कडाडू लागल्या तर खाली उतरून गाडीत बसायचं, तंबूत थांबायचं नाही.

सगळ्यात कच्चा भाग कव्हरची चेन. घडी घालताना कापड चारी बाजूंनी आत खोचलं नाही तर ते चेनमध्ये सापडतं आणि मग जोर लावला की दात उसवतात. उशा, जाड रजया आत ठेवण्याचा मोह नको. धूळ बसलेल्या चेनला मेणबत्ती घासली की ती पुन्हा सरकते.

कडक कवचाचा तंबू दोन मिनिटांत उघडतो, वाऱ्यात शांत असतो, घडीही सोपी. पण वजन आणि किंमत दोन्ही जास्त. दर शनिवारी बाहेर पडणाऱ्याने आणि मोठी गाडी असणाऱ्याने तोच घ्यावा. वर्षातून चार-पाच वेळा जाणाऱ्याला कापडी पुरतो. निव्वळ बिबट्याच्या भीतीने कुणी घेत असेल तर मात्र थांबावं: रात्रभर उंचावर चढून बसलात तरी बिबट्याला टपाची उंची काहीच नाही. उरलेलं जेवण बंद डब्यात, गाडीच्या आत. आणि जागा मळेवाल्याला विचारून घेतलेली. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम नको.

घरी परतल्यावर तंबू ओला असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत उघडून वाळवायलाच हवा. दोन-तीन दिवस तसाच राहिला की काळी बुरशी धरते आणि तिचे डाग पुढे जात नाहीत. गंगापूर रोड, इंदिरानगरच्या सोसायट्यांत अडचण इथेच येते. ५६ किलोचं धूड लिफ्टने गच्चीवर नेता येत नाही, ते गाडीवरच वाळवावं लागतं, म्हणजे दिवसभर उन्हात मोकळी जागा हवी. शिवाय १.८ मीटरची गाडी, पट्ट्या आणि घडी मिळून उंची २.२ मीटरच्या वर जाते. ऑर्डर देण्याआधी पार्किंगच्या तुळईखाली टेप लावून बघा, आणि तुळईखालून जाणारा ड्रेनेजचा पाइपही मोजा.