फॉस्फो-ईआरके अँटिबॉडी: वर्षभराच्या वापरानंतर

सेल सिग्नलिंग टेक्नॉलॉजीचा डी१३.१४.४ई हा क्लोन, कॅटलॉग क्रमांक ४३७०. सशाची मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच क्लोनपासून बनलेली), ईआरके या प्रथिनाला फॉस्फेट लागलेलं असेल तेव्हाच ते ओळखणारी. आमच्या लॅबमध्ये वर्षभर जवळपास रोज कुणाच्या ना कुणाच्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) ती चालू असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेशीला वाढीचा संकेत मिळाला की तो रास, रॅफ, मेक या प्रथिनांच्या साखळीतून उतरत ईआरकेपर्यंत येतो. मेक हे एन्झाइम ईआरके१ च्या २०२ व्या थ्रिओनिनला आणि २०४ व्या टायरोसिनला (ही त्यातली अमिनो आम्लं) फॉस्फेट जोडतं. ती खूण ही अँटिबॉडी पकडते. आमचं काम ए३७५ या मेलानोमाच्या (त्वचेच्या कर्करोगाच्या) पेशींवर. त्यांच्यात बीरॅफचं (रॅफचाच एक प्रकार) व्ही६००ई म्युटेशन असल्याने ही साखळी कायम चालूच असते, आणि मेकला रोखणारं ट्रॅमेटिनिब हे औषध दिल्यावर ती किती थांबते हे आम्हाला पाहायचं असतं.

१:२००० डायल्यूशन, ५% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), ४ अंशांवर रात्रभर. ४४ (ईआरके१) आणि ४२ (ईआरके२) किलोडाल्टन वजनाचे दोन बँड स्वच्छ, वेगवेगळे दिसतात, आणि औषध दिलेल्या लेनमध्ये तासाभरात पुसल्यासारखे जातात. जेएनके किंवा पी३८ या ईआरकेच्या भावंड प्रथिनांची भेसळ नाही. आधी आम्ही एक पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) वापरायचो, तेव्हा नवा लॉट आला की डायल्यूशन पुन्हा ठरवावं लागे. तो व्याप संपला, आणि माझ्या मते एवढ्यासाठीच जास्तीचे पैसे मोजायला हरकत नाही.

पण अँटिबॉडी चांगली असली की सँपलमधलं सगळं उघडं पडतं. लाइसिसच्या (पेशी फोडण्याच्या) आधीच्या काही मिनिटांत पेशींचं जे झालं तेच ब्लॉटवर येतं. रात्रभर सीरमशिवाय ठेवलेल्या हेला (मानवी कर्करोगाच्या) पेशींचं मीडियम अगदी शेवटी बदललं, तरी ईजीएफ (वाढीचा संकेत देणारं प्रथिन) न दिलेल्या लेनमध्येही बँड उजळतो. म्हणून ईजीएफ त्याच मीडियममध्ये थोड्या आकारमानात घाला, पाच मिनिटं थांबा आणि प्लेट थेट बर्फावर घ्या. लाइसिस बफरमध्ये, फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइमांना रोखायला, सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट हवंच. व्हॅनाडेट पीएच १० ला उकळून, पिवळा रंग पूर्ण जाईपर्यंत तयार केलेलं असावं. त्याच बफरमध्ये ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) भरपूर असेल तर ते व्हॅनाडेटला निकामी करतं. अनेक जुन्या रेसिपींत ही जोडी अजून सुखाने नांदते आहे! ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनच्या मोकळ्या जागा झाकायला) दूध टाळा, कारण त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे आणि बॅकग्राउंड वाढतं.

लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये प्रथिन सारखंच भरलंय का हे तपासणारा बँड) म्हणून सवयीने बीटा-ॲक्टिन लावणाऱ्यांसाठी: ॲक्टिनही ४२ किलोडाल्टनच्याच आसपास, म्हणजे ईआरके२ च्या डोक्यावर. विन्क्युलिन घ्या, ते बरंच वर असतं. एकूण ईआरकेसाठी मेम्ब्रेन स्ट्रिप करण्यापेक्षा (पहिली अँटिबॉडी धुऊन काढण्यापेक्षा) उंदराचा एल३४एफ१२ क्लोन आणि दोन रंगांच्या फ्लुओरेसंट सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून सिग्नल देणाऱ्या) अँटिबॉडी वापरल्या की दोन्ही सिग्नल एकाच ब्लॉटवर मोजता येतात. आमच्या आकडेवारीतला विखुरलेपणा यानेच सर्वात जास्त कमी झाला.

साठवण सोपी. ५०% ग्लिसरॉल असल्याने उणे २० ला ती गोठत नाही, त्यामुळे छोटे भाग करून ठेवायची गरज नाही. डायल्यूट केलेली अँटिबॉडी अझाइड घालून पुन्हा वापरता येते, फक्त एचआरपी (सिग्नल देणारं एन्झाइम) लावण्याआधी धुणं नीट हवं, कारण अझाइड एचआरपीला मारतं. अशी पुन्हा वापरायची अँटिबॉडी आम्ही मुख्य प्रयोगांना वापरत नाही, प्राथमिक चाचणीपुरतीच.

तक्रार आहे ती आमच्या पुरवठादाराबद्दल. ऑर्डरनंतर फार वाट पाहावी लागली आणि खोका उघडला तेव्हा आइस पॅक पाणी झालेले होते. बाटली आली की आधी एक ईजीएफ दिलेली आणि एक न दिलेली लेन चालवून बघा, मगच बिल पास करा.

५ मिलिलिटरच्या एका ब्लॉटला अडीच मायक्रोलिटर लागते, म्हणजे १०० मायक्रोलिटरमध्ये ४० ब्लॉट. एकट्या विद्यार्थ्याचं काम असेल तर २० मायक्रोलिटरचं पॅक घ्या, त्यात आठ ब्लॉट आरामात होतात.