शेक्सपिअरच्या काळातील अन्न आणि साहित्य : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रजी साहित्यात अन्न कसे येते, या विषयावर अमेरिकेतील इंग्रजीच्या एका प्राध्यापिकेने चालवलेला ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. रेकॉर्ड केलेली व्याख्याने, त्यांच्या जोडीला नेमलेले वाचन आणि त्यावर थेट चर्चा अशी त्याची रचना आहे. नाटकांत कोण काय खातो याची जंत्री करून विषय उरकणे सहज शक्य होते. पण जेवायला कोणाला बोलावले, कोण उपाशी राहिले आणि जेवताना कोणाला कशाची धास्ती होती, हे प्राध्यापिका मूळ ओळींवर बोट ठेवून दाखवतात, आणि म्हणूनच हा अभ्यासक्रम मला मोलाचा वाटला.

शेक्सपिअरचा समकालीन कवी-नाटककार बेन जॉन्सन याने मित्राला रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण देणारी कविता लिहिली आहे. १६१६ च्या त्याच्या संग्रहात ती छापलेली आहे, आणि तिच्यावरचे व्याख्यान या अभ्यासक्रमातील सर्वोत्तम म्हणावे लागेल. ऑलिव्ह, मटण, मिळालीच तर अंड्यांनी भरलेली कोंबडी, ससा, चंडोळ असे पदार्थ कवी मोजत जातो, आणि तू यावेस म्हणून मी आणखीही पक्ष्यांची नावे खोटीच सांगेन, अशी कबुलीही देतो. मग शेवटाकडे तो आश्वासन देतो की, आपल्या पंगतीला पूली किंवा पॅरट नसतील. ही हेरांची नावे. १५९३ मध्ये लंडनजवळ डेप्टफर्ड येथे नाटककार क्रिस्टोफर मार्लोचा खून झाला तेव्हा त्या खोलीत रॉबर्ट पोली, म्हणजे कवितेतला ‘पूली’, हजर होता, आणि १५९७ मध्ये एका नाटकापायी जॉन्सनने स्वतः तुरुंग भोगला होता. एवढा संदर्भ मिळाल्यावर, मित्रांसोबत निर्धास्तपणे चार शब्द बोलता येणे हाच त्या जेवणातील सर्वांत दुर्मीळ पदार्थ होता, हे वाचकाला आपोआप उमगते.

प्राचीन रोममध्ये घडणाऱ्या शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’ या नाटकावरील भागही तितकाच भक्कम आहे. सरदारांची कोठारे धान्याने भरलेली असताना आम्ही मात्र उपाशी, असा संताप करीत नागरिक रंगमंचावर येतात, आणि सरदारवर्गातील मेनेनियस त्यांना पोट व इतर अवयवांच्या भांडणाची गोष्ट सांगून शांत करू पाहतो. या प्रवेशाशेजारी प्राध्यापिका शेक्सपिअरच्या गावातील, स्ट्रॅटफर्डमधील, एक नोंद ठेवतात. नापिकीच्या वर्षांनंतर, फेब्रुवारी १५९८ मध्ये, तेथील धान्यसाठ्यांची मोजदाद झाली, तेव्हा शेक्सपिअरच्या नावावर १० क्वार्टर, म्हणजे सुमारे ८० बुशेल माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेले धान्य) निघाले. त्याला साठेबाज ठरवण्याची घाई त्या करीत नाहीत. नागरिकांचा राग आणि कोठारवाल्यांची बाजू या दोन्हींची जवळून ओळख असलेल्या माणसाने हा प्रवेश लिहिला, इतकेच त्या सांगतात, आणि मला हा संयम योग्य वाटला.

ऑनलाइन माध्यमाचा खरा लाभ हस्तलिखितांच्या पाठात होतो. वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीने जुन्या घरगुती पाककृतींच्या वह्यांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली आहेत, आणि त्यांतील पाने विद्यार्थ्यांनी अक्षर लावून उतरवायची असतात. मुरांब्याच्या कृतीशेजारी त्याच हस्ताक्षरात खोकल्याचे औषध आले की, स्वयंपाकघर आणि औषधांचे कपाट त्या घरातील बाईच्याच ताब्यात होते, हे वेगळे समजावावे लागत नाही. थेट चर्चेबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही. भारतातून तिला बसायचे तर मध्यरात्र उलटते, आणि गटही इतका मोठा असतो की एखादा मुद्दा तडीस जाण्याआधीच वेळ संपते.

माझी मोठी तक्रार मसाल्यांविषयी आहे. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या नाटकात मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या सणासाठी मेंढपाळाचा मुलगा तांदूळ, केशर, जायपत्री, जायफळ आणि आले यांची यादी घोकत बाजाराला निघतो. ही यादी खेड्यातील घराच्या ऐपतीविषयी काय सांगते, हे व्याख्यानात सुरेख उलगडले आहे. पण यातील जायफळ-जायपत्रीसारखा माल आशियातून कोणत्या वाटांनी आला, हा प्रश्न विचारलाच जात नाही. ‘मॅकबेथ’मध्ये चेटकिणीला चेस्टनट नाकारणाऱ्या खलाशाच्या बायकोवर पुष्कळ वेळ दिला आहे, आणि तिचा नवरा ‘टायगर’ जहाजावरून अलेप्पोला गेल्याची ओळ मात्र ओझरती येते. १५८३ मध्ये टायगर याच नावाच्या जहाजातून राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी सीरियाच्या किनाऱ्यावर उतरला, अलेप्पोमार्गे इराणच्या आखातातील होर्मुझला पोहोचला, तेथे पोर्तुगिजांच्या हाती सापडला आणि गोव्याच्या तुरुंगात आला. जामिनावर त्याची सुटका व्हावी म्हणून खटपट करणारे इंग्रज जेझुइट म्हणजे पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स. हा धागा अभ्यासक्रमात यायला हवा होता, आणि तो आला असता तर आपल्याकडील विद्यार्थ्यांना या विषयात स्वतःचे संशोधन सुरू करण्यासाठी एक जागा मिळाली असती.

इंग्रजीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणि महाविद्यालयीन शिक्षकांनी हा अभ्यासक्रम अवश्य करावा. नाव नोंदवण्यापूर्वी ‘कोरिओलेनस’चा पहिला अंक वाचून ठेवावा, कारण तो सर्वांनी वाचला आहे असे धरूनच व्याख्यान सुरू होते.